जुन्या टायरचं रबर घालून गोठ्याचा कोबा कसा करायचा: खोदाईपासून पाणी मारण्यापर्यंत सगळं

उसाचा सीझन संपला की आमच्या लातूर-औसा पट्ट्यात कुठल्याही पंक्चरवाल्याच्या दुकानामागं जाऊन बघा, ट्रॉलीचे, ट्रॅक्टरचे, टायरगाडीचे घासून गुळगुळीत झालेले टायर ढिगानं पडलेले असतात. पहिला पाऊस पडला की त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास नेमका असल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि थंडी आली की त्याच टायरचे तुकडे शेकोटीत जातात, तो काळा धूर लहान पोरं बाजूला बसून छातीत घेतात. टायर प्लास्टिकसारखा वितळवून परत टायर करता येत नाही, कारण बनवतानाच गंधक घालून तापवलेलं असतं आणि रबराच्या साखळ्या एकमेकींत कायमच्या अडकून बसलेल्या असतात. म्हणून तो एकतर जाळतात, नाहीतर कापून दळतात. दळलेल्या रबराचा आपल्या गावात, आपल्या हातानं करता येईल असा एक चांगला उपयोग म्हणजे काँक्रीट, आणि मी तो मामाच्या गोठ्यात करून बघितलाय म्हणून एवढं सविस्तर लिहायलोय.

(डांबरी रस्त्यात रबर घालतात ते वेगळं, तिथं गरम डांबरात रबराची पावडर मिसळतात. इथं फक्त सिमेंट काँक्रीटचं बोलू.)

आधी कुठं घालायचं नाही ते

कॉलम, बीम, स्लॅब, फूटिंग, लिंटेल, जिना, यातल्या कशातच रबर घालायचं नाही. एक टक्कासुद्धा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आमच्या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, किल्लारीच्या आसपास राहणाऱ्या माणसानं तरी डोक्यावरच्या छतात प्रयोग करू नये. आरसीसीसाठी आपण आयएस ४५६ हे भारतीय मानक पाळतो, तिची वाळू-खडी आयएस ३८३ या मानकाप्रमाणं असावी लागते, आणि त्यात टायरचं रबर बसत नाही.

त्याच १९९३ साली एल्डिन आणि सेनूसी या दोघांचा अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यांनी खडीच्या जागी पूर्ण टायरचे तुकडे घातले तर काँक्रीटची दाब घेण्याची ताकद ८५ टक्क्यांपर्यंत पडली, आणि वाळूच्या जागी पूर्ण बारीक रबर घातलं तर ६५ टक्क्यांपर्यंत. यातून दोन गोष्टी कळतात. खडी बदलण्यापेक्षा वाळू बदललेली परवडते, आणि तीही थोडीशीच.

असं का होतं? खडीचा दाणा सिमेंटपेक्षा कडक, तो भार पेलतो, रबराचा दाणा दाबला की दबतो, म्हणजे भाराच्या हिशोबानं तिथं पोकळीच आहे असं धरा. त्यात रबराला पाणी चिकटत नाही, दाण्याच्या खरबरीत अंगावर हवा धरून राहते, आणि टायर बनवताना घातलेल्या जस्ताच्या मेणचट संयुगाचा थर वर आलेला असतो, त्यामुळं सिमेंटची पकड नीट बसत नाही.

पण हाच मऊपणा जिथं भार कमी आणि दणके जास्त तिथं कामाला येतो. बैलाचा खूर, दुधाचा कॅन, लोखंडी घमेलं, ट्रॉलीची आपटलेली फळी, असल्या दणक्यांना साधा कोबा तडकतो, रबराचा जरा गिळून घेतो. म्हणून गोठा, अंगण, खळं, पायवाट, सायकल-मोटारसायकलची जागा, इथं बिनधास्त करा. जनावरांच्या पाण्याचा हौद आणि गव्हाण मात्र साध्या काँक्रीटचीच ठेवा, रबरातून जस्त आणि बाकीची रसायनं थोडी थोडी पाण्यात उतरतात. चुलीच्या किंवा भट्टीच्या शेजारीही नको.

एक गैरसमज आत्ताच काढतो. वाळूच्या जागी दहा टक्के रबर घातलं म्हणजे फरशी गादीसारखी मऊ होत नाही, हाताला ती काँक्रीटच लागते. म्हातारी गाय असेल तर तिला वरून रबर मॅट लागणारच.

रबर कुठून आणायचं

टायर घरी कापायच्या भानगडीत पडू नका. आतली तार हाताला लागली तर जखम वाईट होते, आणि ग्राइंडरनं कापताना जो धूर निघतो तो घेण्यासारखा नाही.

सोपा रस्ता म्हणजे रिमोल्डवाला, म्हणजे घासलेल्या टायरवर रबराचा नवा थर चढवून देणारा. टायर रिमोल्ड करताना जुना गोटा (टायरचा वरचा, रस्त्याला टेकणारा थर) आधी मशीनवर घासून काढतात, त्याचा चुरा दुकानात पोत्यानं साठतो. यात तार नसते कारण वरचा गोटाच घासलेला असतो, फक्त दाणे गोल नसतात, लांबट शेवयांसारखे असतात. दुसरा रस्ता म्हणजे टायर रिसायकलिंगवाल्याकडून तयार क्रंब रबर, म्हणजे दळलेलं दाणेदार रबर, विकत घेणं. २०२२ च्या केंद्राच्या नियमापासून जुन्या टायरची जबाबदारी टायर कंपन्यांवर टाकलीय, आणि रिसायकलिंगवाल्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं नोंदणी करावी लागते, तर नोंदणी असलेल्याकडूनच आणि बिलावर घ्या.

माल घेताना मूठभर पांढऱ्या कागदावर पसरा. स्पीकरचं जुनं लोहचुंबक फिरवा, तार चिकटून वर आली तर तो माल नको. कापसासारखा नायलॉनचा भुगा दिसला तर नको, तो गोळे करतो. डिझेल-ऑइलचा वास येत असेल तर अजिबात नको. दाणा साधारण १ ते ४ मिलिमीटर पाहिजे. चाळणीवर राहिलेले मोठे तुकडे बाजूला काढा, आणि अगदी काजळीसारखी पावडर असेल तर तीही कमी करा, ती पाणी मागते.

मोजमाप, इथंच सगळे चुकतात आणि मीही चुकलो

पहिल्यांदा मी स्वतःच्या अंगणात केलं तेव्हा वजनाला वजन धरलं. एका सिमेंटच्या गोणीच्या मालातून आठ किलो वाळू काढली आणि आठ किलो रबर घातलं, वाटलं दहा टक्के झालं. झालं होतं तेवीस टक्के. वाळूचा दाणा पाण्याच्या २.६५ पट जड, रबराचा फक्त १.१५ पट, म्हणजे तेवढ्याच वजनाचं रबर दुपटीहून जास्त जागा खातं. वर मिस्त्रीनं माल घट्ट वाटतोय म्हणून दोन बादल्या पाणी जास्त मारलं. दिवाळीपर्यंत आई झाडायला लागली की झाडूबरोबर काळे दाणे निघून यायचे, पायाखाली सारखी पांढरी धूळ. शेवटी वरचा थर फोडावा लागला.

तर नीट हिशोब असा. सिमेंटची ५० किलोची एक गोणी म्हणजे ३५ लिटर. एकास दीड आणि तीन धरलं तर वाळू ५२ लिटर, खडी १०५ लिटर. कोरडी वाळू लिटरला १.६ किलोच्या आसपास भरते, म्हणजे ८३ किलो. त्यातली दहा टक्के म्हणजे ८.३ किलो काढायची. या काढलेल्या वाळूच्या दाण्यांची खरी जागा ८.३ भागिले २.६५, म्हणजे ३.१ लिटर. तेवढ्याच खऱ्या जागेचं रबर ३.१ गुणिले १.१५, म्हणजे ३.६ किलो.

म्हणजे एका गोणीला ३.६ किलो रबर, पाठच करून टाका. बादलीनं मापू नका, सुटं रबर फुगीर असतं आणि प्रत्येक पोत्यात त्याचा फुगीरपणा वेगळा, साधा वजनकाटा साइटवर ठेवा आणि एकेका गोणीच्या पिशव्या आदल्या दिवशीच बांधून ठेवा. मामाचा गोठा वीस बाय पंधरा फूट, चार इंच जाडी, म्हणजे १०० घनफूट माल. त्याला २३ गोण्या सिमेंट आणि ८० किलोच्या वर थोडं रबर लागलं.

दहा टक्क्याला ताकद साधारण १० ते २० टक्के कमी होते, वीस टक्क्यांवर गेलात की चौथाई आणि त्याहून जास्तही जाते. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा करणाऱ्यानं दहाच्या वर जाऊच नये. आणि तिथं ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर माल एक ग्रेड वरचा धरा, एम २० (अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब घेणारं काँक्रीट) हवं असेल तर एम २५ चं मिक्स, जाडी सहा इंच, आणि ते इंजिनियरकडून डिझाइन करून घ्या.

रबर धुणं

रबर तसंच पोत्यातून मिक्सरमध्ये ओतलं की सिमेंट त्याला धरत नाही. पुस्तकी उपाय कॉस्टिक सोड्याचा आहे. एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम कॉस्टिक, त्यात रबर वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवायचं, मग पाण्याचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. त्यानं तो जस्ताचा मेणचट थर निघतो आणि पकड सुधारते. करणार असाल तर हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा, ड्रम प्लास्टिकचा, ॲल्युमिनियमचं भांडं चुकूनही नाही. कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, ते उकळून अंगावर येतं. आणि ते पाणी वावरात, नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडायचं नाही.

पण खरं सांगू का, गावात हे करावं असं मला वाटत नाही. धुवायला पाणी किती जातं ते बघा, आणि आपण त्या जिल्ह्यात राहतो जिथं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मी मामाकडं दुसरी पद्धत वापरली. रबर आदल्या दिवशी साध्या पाण्यात चोवीस तास भिजत घातलं, ते वर तरंगत राहतं म्हणून वर फळी आणि दगड ठेवला, अधूनमधून हातानं ढवळलं म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यानं निघून जाते. सकाळी चाळणीत निथळलं. मग त्या-त्या गोणीच्या रबरावर त्याच गोणीतलं दीड किलो सिमेंट आणि पाऊण लिटर पाणी घालून घमेल्यात कालवलं, दाणा न् दाणा राखाडी होईपर्यंत. एकही काळा दाणा दिसला नाही पाहिजे. हा सिमेंटचा पातळ अंगरखा रबराला चढला की पुढं पकड बरी बसते. निथळलेलं पाणी पायाच्या मुरमावर मारलं, ते वाया गेलं नाही.

मामा गव्हाणीजवळ बसून सगळं बघत होते. म्हणले, "अरे टायर कशाला घालायलास कोब्यात, उन्हाळ्यात वास नाही का मारणार?" वास येत नाही, दाणा सिमेंटमध्ये बंद होतो. पण विचारलं ते बरोबरच होतं, भिजवताना मात्र दोन दिवस ड्रमाजवळ रबराचा वास येतो.

खालचा पाया, हा सोडला तर वरचं सगळं फुकट

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट कोबा केला तर रबर असो नसो तो फुटणारच. दीड फूट काळी माती काढा, सहा-सहा इंचाचे मुरमाचे थर द्या, प्रत्येक थराला पाणी शिंपडून कॉम्पॅक्टर नाहीतर धुमस, टाच रुतली नाही पाहिजे एवढा दाबा. गोठ्याबाहेरचं पावसाचं पाणी पायाखाली शिरणार नाही असा बाजूनं चर काढा. उतार गव्हाणीकडून नालीकडं, पंधरा फुटाला तीन-साडेतीन इंच. उतार मुरमातच काढा, कोब्याच्या जाडीत काढायला गेलात की एका कडेला कोबा अडीच इंचच राहतो.

आधी ठोकळे टाकून बघा

हे लोक टाळतात. निदान एका गोणीचा ट्रायल माल करा आणि १५० मिलिमीटरचे सहा ठोकळे भरा, तीन सात दिवसाला आणि तीन अठ्ठावीस दिवसाला तोडायला. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी, लातूरचं पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन, अशा कॉलेजांच्या सिव्हिल विभागात नाहीतर खासगी लॅबमध्ये ठोकळे तोडून मिळतात का ते आधी विचारून जा. २० ची ताकद म्हणजे त्या ठोकळ्यावर ४५० किलोन्यूटन भार. गोठ्याला १५ आली तरी चालते, म्हणजे ३३७ च्या पुढं. सात दिवसाला याच्या साधारण दोन तृतीयांश यायला पाहिजे, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर जरा कमी धरा, ते सावकाश घट्ट होतं.

तोडताना मुद्दाम उभे राहून बघा. साधा ठोकळा शेवटी फाटकन फुटतो, कोपरे उडतात. रबराचा ठोकळा भेगा पडूनही एकत्र धरून राहतो, हातात घेतला तरी सुटत नाही, भेगेत वाकून बघितलं तर आत रबराचे दाणे दोन्ही बाजूंना धरून ताणलेले दिसतात. ते बघितल्यावर मला पहिल्यांदा पटलं की हे गोठ्यातच घालायचं सामान आहे. वजनही बघा, साधा ठोकळा आठ किलोच्या वर जातो, हा थोडा खाली राहतो. खूपच हलका भरला तर आत हवा जास्त राहिलीय असं समजा.

माल कालवणं आणि टाकणं

हातानं कालवू नका, मिक्सरच लावा. आधी खडी आणि अर्धं पाणी, मग वाळू किंवा क्रश सँड, मग सिमेंट, आणि सिमेंट लावलेलं रबर, शेवटी उरलेलं पाणी. तीन मिनिटं फिरू द्या. पाणी एका गोणीला २५ लिटर, रबराला लावलेलं पाऊण लिटर त्यातच धरायचं, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. रबरामुळं माल घट्ट दिसतो आणि मिस्त्रीचा हात पाण्याच्या पाइपकडं जातोच, तिथं उभं राहून थांबवा. माल सैल करायला प्लास्टिसायझर वापरा, गोणीला २५० ते ५०० मिली, डब्यावर लिहिलं असेल ते आधी वाचा. पाणी वाढवलं तर ताकद दोनदा जाते, एकदा रबरानं आणि एकदा पाण्यानं.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो. टाकताना मालाचं तापमान ४० अंशाच्या वर नको असं आयएस ७८६१ सांगतं, म्हणून पहाटे पाचला सुरू करून नऊच्या आत संपवा, खडीवर आदल्या रात्री पाणी मारून ओलं गोणपाट टाका. खरं तर हे काम दिवाळीनंतर करा, जानेवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

व्हायब्रेटर लावायचा असेल तर नुसता टेकवायचा आणि काढायचा. जास्त वेळ धरला की हलकं रबर वर तरंगतं आणि खडी खाली बसते, माझ्या अंगणात हेही झालं होतं. चार इंचाच्या कोब्याला पट्टीनं ठोकत ओढणं पुरतं. वर सुटलेलं पाणी आटेपर्यंत रंधा लावायचा नाही, आणि कोरडं सिमेंट भुरभुरवून चकचकीत थापी मारायची नाही, जनावर घसरून पडतं. रंध्याचं फिनिश झालं की माल ओला असतानाच दोन-अडीच इंचावर काडीनं किंवा पाइपनं उथळ खाचा ओढा, उताराला आडव्या नको, तिरक्या ठेवा म्हणजे मूत साचत नाही.

चार इंच जाडीला दर आठ-नऊ फुटांवर जॉइंट द्या. लाकडी पट्ट्या लावून चौकोन पाडले की झालं, कटर शोधत बसायला नको.

पाणी मारणं आणि जनावरं कधी बांधायची

रबराचा कोबा आधीच ताकदीनं उणा आहे, त्याला क्युरिंग चुकवून चालत नाही. पीपीसी असेल तर चौदा दिवस, निदान दहा. आळी करून पाणी भरण्याऐवजी ओलं गोणपाट अंथरा आणि त्यावर प्लास्टिकचा कागद, कडांना माती लावून दाबा. सकाळ-संध्याकाळ कागद उचलून शिंपडलं की पुरतं, टँकर मागवावा लागत नाही.

माणसांनी दोन दिवसांनी चालायला हरकत नाही. शेळ्या-वासरं चौदा दिवसांनी, म्हशी आणि बैल अठ्ठावीस दिवसांनी. आधी बांधलीत तर खुरांच्या कडा उतारावरच्या खाचा मोडतात. जॉइंटच्या पट्ट्या काढून त्यात गरम डांबर भरून घ्या, नाहीतर मूत आत जाऊन खालचा मुरूम सडतो. पहिल्या महिन्यात झाडताना पाच-दहा काळे दाणे निघाले तर घाबरू नका, ते वरच्या कातडीतले असतात. महिन्यानंतरही मूठमूठ निघत असतील तर माल चुकलाय, तेवढा चौकोन जॉइंटपासून जॉइंटपर्यंत काढून परत भरा, वरून सिमेंटचा पातळ लेप देऊन ते थांबत नाही.

मामाच्या गोठ्याला दोन पावसाळे झाले. नालीच्या कोपऱ्यात केसाएवढी एक भेग आहे, तिथं आम्ही घाईत मुरूम नीट दाबला नव्हता. बाकीचा कोबा शाबूत आहे.